दोन आरशांची सायकल

कंपनीत त्यांना सगळे काका म्हणायचे, म्हणून मीही पहिल्याच दिवशी त्यांना काका म्हणाले, आणि सगळं डिपार्टमेंट हसलं. मला वाटलं, माझ्या परभणीकडच्या बोलण्याला हसले. मग मी संध्याकाळपर्यंत तोंड मिटून काम केलं. पुढे एकदा डबा खाताना शेजारच्या मुलीनं खुलासा केला, की ते 'काका' नाहीच. ते 'का-का' आहे. मधे एक छोटी रेघ आहे, ती बोलताना ऐकू येत नाही एवढंच.

त्याचं असं होतं. आमच्या चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये माल खराब निघाला, की नुसतं 'चूक झाली' म्हणून सुटका होत नाही. का झाली ते विचारायचं, मिळालेल्या उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला म्हणे मूळ कारण सापडतं. याला व्हाय-व्हाय म्हणतात आणि त्याचं ट्रेनिंग सगळ्यांना देतात. बाकीचे ते ट्रेनिंग चहाच्या कपाबरोबर कचऱ्यात टाकून येतात. या माणसानं मात्र ते देवाच्या नावासारखं धरून ठेवलं होतं. सुट्टी मागा, साखर मागा, लग्नाची पत्रिका द्या, पहिला शब्द ठरलेला, 'का?'

मला ते सगळं कळलं, तरी मी काकाच म्हणत राहिले. बिनरेघेचं.

काका मूळचे चिखलीचे, जुन्या शेतकरी घराण्यातले. त्यांच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत आणि इमारतींना त्यांच्या शेतांची नावंसुद्धा नाहीत. घरात गाड्या होत्या, पुतणे धंद्यात होते. पगारावर घर चालवावं लागावं अशी त्यांची काही परिस्थिती नव्हती. पण हा माणूस रोज सकाळी पॅन्टच्या पायाला ट्यूबमधून कापलेलं रबर अडकवून, साध्या काळ्या सायकलवर, तळवडे ओलांडून, इंद्रायणीचा पूल ओलांडून, पलीकडचा चढ चढून निघोज्याच्या बाजूला आमच्या कंपनीत येत असे. सायकलला त्यांनी छोट्या टेम्पोचे दोन मोठे आरसे बसवले होते, एक इकडे, एक तिकडे. समोरून पाहिलं की सायकलला कान फुटल्यासारखे दिसायचे. गेटच्या आत येण्यापूर्वी ते उजव्या आरशात बघून भांग पाडायचे, म्हणून आम्हाला वाटायचं, आरसे त्यासाठीच असावेत. सिक्युरिटीवाले तर त्या सायकलला सलूनच म्हणायचे.

आमच्याकडे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, कास्टिंग ओतले जात. आतून तडा गेलेला कास्टिंग वरून ओळखू येत नाही, म्हणून छोट्या हातोडीनं ठोकून आवाज ऐकतात. चांगला असेल तर घंटेसारखा वाजतो, तडकलेला असेल तर बसक्या आवाजात. हे काम काकांचं. पण त्यांची पद्धत निराळी होती. कास्टिंगचा एक कोपरा ते आपल्या जबड्याला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि मग हातोडी मारायचे. ऑडिटला आलेल्या पाहुण्यांना आमचे साहेब त्या बाजूला शक्यतो नेत नसत. कारण विचारलं, की काका म्हणायचे, "बीड बोलतंय. जवळ जाऊन ऐकावं लागतं."

फोनवर ते बोलत नसत. फोन आला की "हितं ये, मंग बोल" एवढं सांगून ठेवून द्यायचे. फोनवर माणूस खोटं बोलतो, समोर आला की त्याला लाज वाटते, असं त्यांचं मत. कंपनीच्या बसनं येत नसत. मोटारसायकल त्यांनी केव्हाच विकून टाकली होती, म्हणे पेट्रोलचा वास सोसत नाही. शर्टाच्या खिशात कायम भुईमुगाच्या शेंगा असत आणि टरफलं दुसऱ्या खिशात, तीही दिवसच्या दिवस. त्या टरफलांचं ते पुढे काय करत, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यांचं का-का कधीकधी खरोखर कामाला यायचं. एकदा कॅन्टीनचे पोहे रोज कोरडे यायला लागले. काका बशी घेऊन आचाऱ्याकडे गेले. पोहे कोरडे का? तर करून ठेवलेले असतात आणि लोक उशिरा येतात. उशिरा का येतात? तर बसच उशिरा येते. ती का? काका ड्रायव्हरकडे गेले. तो म्हणाला, तळवड्यात गाडी थांबवावी लागते. का? कोथिंबीर घ्यायची असते. कोथिंबीर का? तर कॅन्टीनच्या आचाऱ्यानं सांगून ठेवलंय, पोह्यांवर ताजीच घालायची म्हणून. काका परत आचाऱ्यासमोर आले आणि ती बशी त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पोहे ओले झाले. कोथिंबीर मात्र गेली ती गेलीच.

माझ्यावरही हा प्रयोग झाला. मी नवीन होते, कॅन्टीनमध्ये भांड्यांचा नुसता खणखणाट चालला होता. त्यांनी विचारलं, परभणी सोडून इकडे का आलीस? मी म्हणाले, नोकरीसाठी. का? तिकडे कंपन्या नाहीत म्हणून. का? मी जरा मोठ्यानं म्हणाले, आता नाहीत त्याला मी काय करू. तरी चेहऱ्यावर तेच, का? मग मात्र मला राग आला. मी म्हणाले, वडील गेल्यावर घरात चुलत्यांचं राज्य झालं, मला तिथे राहायचं नव्हतं. एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या दोन टेबलांवरचे लोक जेवायचे थांबले. हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, मैत्रिणींनाही नाही. काकांनी मान हलवली, खिशातून मूठभर शेंगा काढल्या आणि माझ्या ताटाशेजारी ठेवल्या.

असे ते काका एका वर्षी पावसाळ्याच्या शेवटी लंगडत आत आले. गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टरांनी सांगितलं, चढावर जोर लावून पायडल मारायचं नाही. घरात सभा बसली. त्यांचा थोरला पुतण्या भोसरीत बॅटरीवरच्या गाड्या विकायचा. तो म्हणाला, चुलते, माझ्या दुकानातली बॅटरीची सायकल घ्या, दसऱ्याला मी स्वतः हार घालून दारात आणून लावतो. ती नको असेल तर नोकरी सोडा आणि घरी बसा. काकूंचंही तेच म्हणणं. दसऱ्यापर्यंत काय ते ठरवायचं होतं. सायकल साधी का बॅटरीची, एवढाच प्रश्न वरून दिसत होता. पण खाली दुसरा प्रश्न होता, हा माणूस यापुढे आपला आपण कंपनीत येणार की नाही.

काकांनी प्रश्न नेहमीच्या पद्धतीनं हातात घेतला. कंपनीत ज्यांच्याकडे बॅटरीची सायकल किंवा स्कूटर होती, त्या सगळ्यांना त्यांनी एकेक करून पकडलं. मेंटेनन्समधल्या एका इंजिनियरला विचारलं, बॅटरीची का घेतली? तो म्हणाला, पर्यावरण. का? धूर होत नाही. तुला धुराचं का पडलंय? तो म्हणाला, मुलगी लहान आहे. मग पोरीला त्यावर बसवतोस का? नाही, तिची आई बसवू देत नाही. मग का घेतली? शेवटी तो बिचारा म्हणाला, मेव्हण्यानं घेतली होती हो, घरात रोज तेच ऐकावं लागत होतं. काका समाधानानं पुढे गेले.

कंपनीत दोन तट पडले. एक म्हणायचा, बॅटरीच घ्या, घाम न येता शिफ्टला पोहोचाल. दुसरा म्हणायचा, वाटेत चार्जिंग संपलं तर ते धूड ढकलणार कोण? काकांनी पुतण्याकडून एक सायकल वापरून बघायला आणली आणि सगळं स्वतः करून पाहिलं. बॅटरी बंद करून ती पुलाजवळच्या चढावर ढकलत नेली आणि वर पोहोचल्यावर तिला आणि पुतण्याला सारख्याच शिव्या दिल्या. चिखलीतल्या पंक्चरवाल्याकडे नेऊन, मोटर मागच्या चाकात असताना चाक कसं काढणार, हे त्याला करून दाखवायला लावलं. बॅटरी काढून जिना चढले, उतरले. आपली जुनी सायकल शेजारी उभी करून आधी ही उचलली, मग ती उचलली. आणि मग बॅटरी चालू करून चढावर गेले.

त्या दिवशी ते कंपनीत आले ते लहान मुलासारखे. मला गेटवरच धरलं. म्हणाले, "चढ कुठं गेला?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, की पूल ओलांडून पायडल मारलं, मोटरीनं मागून हात दिला आणि बघतात तो वर. त्यांना शंका आली, की रस्तेवाल्यांनी चढ कापून काढला की काय. म्हणून ते उतरून परत खाली गेले, खालून वर निरखून पाहिलं. चढ जागेवर होता. पुन्हा चढले. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. हे सांगताना त्यांनी पॅन्ट वर करून गुडघा दाखवला, जणू त्याचीही साक्ष काढायची होती. मला इतकं बरं वाटलं, की आता प्रश्न सुटला म्हणून मी डिपार्टमेंटमध्ये जाहीरही करून टाकलं.

पण प्रश्न सुटला नाही. चार दिवस बॅटरीच्या सायकलवर आले आणि तोंड उतरलेलं. कुणी विचारलं तर म्हणत, चांगली हाय, पर न्हाई जमत. का? सीट टोचती. सीट बदलू की, पुतण्या म्हणाला. मग म्हणाले, लई पळती. वेग कमी ठेवता येतो. मग म्हणाले, रंग बरा न्हाई. दुसऱ्याला पाच-पाच वेळा खोदणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत तिसऱ्या 'का'च्या पुढे जाईना. मला याचं फार कुतूहल वाटायला लागलं. गुडघ्याला आवडली, मनाला आवडली, घरचेच देतायत, मग नको का? डब्याच्या वेळी आम्ही पैजा लावायला लागलो. कुणी म्हणे, जुन्या सायकलीत जीव अडकलाय. कुणी म्हणे, पुतण्याचे उपकार नकोत. मीही एक कारण ठरवून ठेवलं होतं, की म्हातारपण कबूल करायचं नाहीये. सगळे चुकलो.

त्या आठवड्याच्या शेवटी सकाळी मी स्कूटीवरून तळवड्याच्या पुढे निघाले होते, तर समोर काका दिसले, बॅटरीच्या सायकलवर. चांगले वेगात होते. मी हॉर्न दिला. वळून पाहिलं नाही. पुन्हा दिला, हाक मारली, "काका, ओ काका." काहीच नाही. मला वाटलं, पैजा लावल्याचं कळलं असणार, रागावलेत. तेवढ्यात मला ओलांडून एक कंटेनर पुढे गेला. काकांपुढे रस्त्यात खड्डा आला आणि त्यांनी सायकल सरळ उजवीकडे घेतली, कंटेनरच्या पुढ्यात. कंटेनरवाल्यानं हॉर्न दाबून धरला, तो सगळ्या तळवड्याला ऐकू गेला असेल. काका तसेच. तो कसाबसा बाहेरून निघून गेला, आणि त्याच्या वाऱ्यानं त्यांची सायकल हलली तेव्हा कुठे ते दचकले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबले.

मी गाडी लावून धावत गेले. त्यांच्या मागे, डाव्या खांद्याशी उभी राहून मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण बरंच बोलले. ते समोर बघत राहिले. मग माझी सावली त्यांच्या हँडलवर पडली आणि ते परत दचकले. "तू कवा आलीस?" म्हणाले.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि त्यांचंच हत्यार त्यांच्यावर काढलं. विचारलं, ही सायकल नको का म्हणता? ते म्हणाले, आरसं न्हाईत हिला, पुतण्या लावू देत न्हाई, म्हनतो नव्या गाडीची शोभा जाती. आरसे का लागतात? मागचं दिसाया. मागचं तर ऐकू येतं, मग दिसायला का लागतं?

ते माझ्या ओठांकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या बोलीची गंमत वाटते म्हणून बघतात.

"न्हाई येत," ते म्हणाले.

लहानपणी इंद्रायणीत पोहून पोहून डावा कान वाहायचा, तो तेव्हाच गेला. उजव्यावर सगळं आयुष्य काढलं, आता तोही साथ सोडत होता. साध्या सायकलवर ते कडेनं हळूहळू जायचे आणि सगळा मागचा रस्ता दोन आरशांत बघायचे. बॅटरीची सायकल त्यांना गाड्यांच्या लोंढ्यात नेऊन सोडत होती, आणि तिला आरसे नव्हते. मी विचारलं, "मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कंपनीत कळलं तर हातोडी काडून घेतील. घरी कळलं तर सायकल. मंग मी काय वट्यावर बसून मान्सं मोजू?"

यापुढे 'का' विचारायची माझी छाती झाली नाही. मी त्यांना पुढे घातलं आणि कंपनीपर्यंत त्यांच्या मागे, त्यांचा आरसा होऊन, गाडी चालवत गेले. रस्ताभर मला रडू येत होतं आणि स्वतःचं हसूही येत होतं. सगळं उलगडत होतं. टेम्पोचे आरसे. जबड्याला टेकवलेलं बीड, कारण हाडातून आवाज आत जातो. समोर ये मग बोल. बसमध्ये न बसणं, कारण बसमध्ये सगळे हसतात आणि आपल्याला विनोद पोहोचत नाही. मोटारसायकल विकणं. आणि ते का-का. 'काय?' विचारलं तर माणूस तोच शब्द परत म्हणतो आणि समोरचा बहिरा आहे हे ओळखतो. 'का?' विचारलं की तो जास्त बोलतो, मोठ्यानं बोलतो, चिडून हातवारे करून बोलतो. आणि वर समोरच्याला हुशार समजतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं उत्तर मी ज्यांना दिलं होतं, त्यांना कदाचित त्याआधीची तीन उत्तरं नुसती ऐकूच आली नव्हती.

हे मला फार लागलं, खोटं कशाला बोलू. बहिरेपणाचं वाईट वाटलंच, पण त्याहून हे, की मग या माणसाला माझ्याबद्दल, पोह्यांबद्दल, मेव्हण्याबद्दल जाणून घ्यायचं होतं की नव्हतं? की ती सगळी नुसती वेळ मारून नेणं होतं? हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घेऊन फिरत होते.

काकूंना सांगायचं, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यांना एकट्यानं धीर होईना म्हणून मी रविवारी चिखलीला त्यांच्या घरी गेले. काकू भाकरी थापत होत्या. काकांनी घसा खाकरून, दोनदा अडखळून, एकदाचं सांगितलं. काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मला लगीन झाल्यापास्नं ठाव हाय," त्या म्हणाल्या. "सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं मी काय हौसंनं बोलत व्हते का?"

काकांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं जपलेलं गुपित घरातल्या घरात शिळं होऊन पडलं होतं. मग काकूंनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांना चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावायला दिले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काका दाबायच्या ऐवजी आतून हातवारे करून का ते विचारत होते. शेवटी डाव्या पडद्याला जुनं भोक निघालं, उजवा कान अर्धा गेलेला, पण यंत्रानं बराच फरक पडेल असं डॉक्टर म्हणाले. यंत्र शेंगदाण्याएवढं होतं. काकांनी ते तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि हे कशावर चालतं म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, बॅटरीवर. काका माझ्याकडे बघून जे हसले, ते मी विसरणार नाही.

दसऱ्याला काकूंनी मला जेवायला बोलावलं. मी गेले तेव्हा पुतण्या नवी कोरी बॅटरीची सायकल घेऊन आला होता, हँडलला हार, वर नारळ. आणि अंगणात जुनी काळी सायकल धुऊन-पुसून उभी होती. तिच्या दोन्ही आरशांना झेंडूची माळ होती. खाली पाटावर हातोडी होती आणि हातोडीशेजारी कानातल्या यंत्राची एक उघडी डबी, तिच्यावरही झेंडूच्या पाकळ्या. आदल्या दिवशी कंपनीत खंडेनवमीची पूजा झाली तेव्हाही ती डबी तशीच मशीनपुढे ठेवून त्यांनी साहेबांना सगळं सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले, हातोडी राहू द्या, पण आणखी दोघांना ते जबड्याचं शिकवा.

पुतण्यानं विचारलं, "मंग चुलते, बॅटरी घेतली का न्हाई?"

"घेतली की," काका म्हणाले. "पर सायकलला न्हाई. कानाला. दोन-दोन बॅट्र्या चार्ज करत बसायला मी काय मोबाइलचं दुकान हाय?"

पुतण्या हिरमुसला. जेवताना त्यानं पुन्हा विषय काढला, आता ऐकू येतंय तर ही पण घ्या, मी आरसे लावून देतो. काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, कानात वारं भाषण करतंय अजून, त्याची सवय होऊ दे, तवर साधीच बरी. चढावर उतरून सायकल हातात धरून चालत जाईन. गुडघा कुरकुरला तर बसनं येईन. बसनं, हे ऐकून काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बॅटरीची सायकल बघू पुढच्या दसऱ्याला. ती वाईट न्हाई, मानूस तयार पायजे, असं म्हणून त्यांनी श्रीखंड वाढून घेतलं. ती सायकल आता काकू चालवतात, भाजी आणायला. हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

काका अधूनमधून बसनं यायला लागले तेव्हा एक अडचण झाली. लोकांना त्यांच्या पाठीमागे बोलायची सवय होती. पाठीमागे म्हणजे अगदी पाठीला लागून, कारण ते कधी वळत नसत. दसऱ्यानंतर एक दिवस शिफ्ट सुटल्यावर आम्ही गेटबाहेर टपरीवर चहाला उभे होतो. काका माझ्या शेजारी. मागून आलेल्या पोरांमधला एक दुसऱ्याला म्हणाला, "सरक रे, का-का उभाय, आता चहा का पितो ते पण विचारंल." रेघ अगदी स्पष्ट म्हटली त्यानं. दुसरा हसला.

काकांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. ते वळले नाहीत. पोरं चहा घेऊन बाजूला गेली. मग त्यांनी मला विचारलं, काय म्हनला त्यो? मी सांगितलं. लपवून काय उपयोग होता, त्यांनी ऐकलंच होतं. नाव कसं पडलं, केव्हापासून आहे, सगळं सांगितलं. ते कपात बघत राहिले.

"आन मला वाटायचं, मान देत्यात," ते म्हणाले. "मला वाटायचं, एवढी पोरं काका म्हनत्यात. आमच्या घरात मला कुनी काका म्हनत न्हाई, चुलते म्हनत्यात."

त्यांच्या कानातलं ते शेंगदाण्याएवढं यंत्र मला त्या क्षणी काढून इंद्रायणीत फेकावंसं वाटलं. पहिल्या दिवशी जी चूक मी केली होती, तीच ते इतकी वर्षं करत आले होते, आणि त्यांची सुधारायला कुणी शेजारी बसलं नव्हतं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आन तू?"

मी म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून बिनरेघेचं म्हणतेय."

टपरीवर कुणीच बोलत नव्हतं. स्टोव्हसुद्धा बंद होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला, समोर उभी होते आणि आवाजही चांगला मोठा होता. त्यांनी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला, ते डोळ्यांत दिसत होतं. तरी त्यांनी कप खाली ठेवला, खिशातून शेंगा काढून माझ्या हातावर दिल्या आणि विचारलं,

"का?"

मग मी त्यांना सगळं सांगायला लागले.